गृहपाठाला बसलं की रडू: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात मराठी शाळेत मी २२ वर्षं लहान वर्गांना शिकवते. पालकसभेत, एसटी स्टॉपवर, लग्नाच्या पंगतीत आया मला जे विचारतात, ते इथं एकत्र केलंय. पहिली ते चौथीच्या मुलांपुरतंच हे आहे.

मूल वही उघडली की रडायला लागतं. हट्ट आहे की खरंच जमत नाही?

रडू कुठल्या ओळीवर सुरू झालं ते आधी बघा. वही उघडायच्या आधीच रडत असेल, तर भूक, झोप, शाळेत कुणी काही बोललेलं, असं काहीतरी असतं. तीन-चार ओळी नीट लिहून मग रडत असेल, तर ते पोर अडलंय. हट्टी मूल सहसा एका ओळीवर येऊन थांबत नाही, ते वहीच घेत नाही.

आमच्या शेजारी दुसरीतला एक पोरगा आहे. पावसाळ्यातली संध्याकाळ होती, लाइट गेलेली. गृहपाठ मोबाइलवर आलेला, मोबाइल आईच्या हातात. ती एका हातानं भाकरी उलटत वजाबाकी वाचून दाखवत होती आणि हा पडवीत पोटावर झोपून उतरून घेत होता. पहिली दोन गणितं झाली. तिसऱ्याला पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. मग रडारड, मग वहीचं पान चुरगाळलं, मग आईचा आवाज चढला. "मगाशी येऊलालतं, आता कसं येईना झालं?" मी सहज वही हातात घेतली. आईनं सांगितलेलं "बावन्न वजा सदतीस". पोरानं लिहिलं होतं २५ वजा ७३.

आता सांगा, पंचविसातून त्र्याहत्तर कसे जातील? होणारच नाही असं गणित तो पाच मिनिटं सोडवत बसला होता. त्याचं रडणं अगदी खरं होतं. आईला वाटत होतं पोरगा मुद्दाम करतोय, पोराला वाटत होतं आपल्याला काहीच येत नाही, आणि दोघांनाही ठाऊक नव्हतं की गडबड आकडा लिहितानाच झालीय. वजाबाकीपर्यंत तो पोचलाच नव्हता.

म्हणून माझं सगळ्या पालकांना पहिलं सांगणं हेच असतं, की रागावायच्या आधी वही हातात घ्या आणि अडलेली जागा शोधा.

पण बावन्नचे २५ होतातच कसे?

मराठीत आपण एकक आधी बोलतो. "बावन्न"मध्ये बा म्हणजे दोन आधी ऐकू येतात, पन्नास मागून. "सदतीस"मध्ये सात आधी, तीस नंतर. लिहिताना मात्र दशक आधी लिहायचा. कान एक सांगतो, हाताला उलटं करायचं असतं. सगळीकडच्या मराठी मुलांना हा अडथळा पार करावा लागतो. आपल्याकडं त्यात आणखी एक भर पडते. तेच मूल कन्नडच्या तासाला "ऐवत्तेरडु" शिकतं, म्हणजे पन्नास आधी, दोन नंतर. इंग्रजीतही "फिफ्टी टू". सदतीसला कन्नडमध्ये "मूवत्तेळु", पुन्हा तीस आधी. एका दिवसात तीन भाषांत आकडे ऐकणाऱ्या सात वर्षांच्या पोरानं अधूनमधून उलटं लिहिलं, तर त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही.

एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे तर आणखी अवघड. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. नाव तिसाचं, आकडा विसाच्या घरातला. पोरं ३९ लिहून मोकळी होतात. कन्नडमध्ये तोच आकडा "इप्पत्तोंबत्तु", सरळ वीस आणि नऊ. एवढं शिकून झाल्यावर नव्याण्णवला मराठी आपला नियम मोडते, तिथं "एकोणशंभर" म्हणत नाही. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीनं दुसरीच्या गणितात "एकवीस"च्या जोडीला "वीस एक" असं वाचन दिलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. माझं मत विचाराल तर बावन्न, सदतीस ही नावं आपली आहेत, ती सोडायची गरज नाही. पण शिकायच्या पायरीवर "पन्नास आणि दोन, बावन्न" असं दोन्ही म्हणून घेतलं तर पोरांना हात धरून चालवल्यासारखं होतं. मी वर्गात तसंच म्हणून घेते.

घरी करायला सोपं आहे. तुरीच्या नाहीतर झाडूच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या रबर लावून बांधा, काही सुट्या ठेवा. तुम्ही "बावन्न" म्हणा, त्यानं पाच जुड्या डावीकडं आणि दोन काड्या उजवीकडं मांडायच्या, मग त्याच क्रमानं लिहायचं. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी असली तरी चालतं, किंबहुना दुकानात जाणाऱ्या पोरांना ते लवकर कळतं. हातचा घेणं म्हणजे एक जुडी सोडणं, हे काड्यांवर एकदा डोळ्यांनी बघितलं की वजाबाकीची भीती बरीच कमी होते. आठ-दहा दिवस, रोज पाच आकडे. जास्त नको.

आणि गणित तोंडी सांगू नका. मोबाइल त्याच्यासमोर ठेवा, नाहीतर तुम्ही कागदावर उतरून द्या.

एवढ्या लहान मुलांना मुळात गृहपाठ किती असावा?

पहिली-दुसरीला काहीच नसावा. कर्नाटक सरकारनं २०१९ साली दप्तराच्या ओझ्याबद्दल आदेश काढला, त्यात पहिली-दुसरीचं दप्तर दीड ते दोन किलोच्या आत ठेवायला सांगितलं आणि या दोन वर्गांना गृहपाठ देऊ नये असंही सांगितलं. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास असं म्हटलंय. आठवड्याला दोन तास म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटं. तुमचं तिसरीतलं पोर रोज दीड तास वहीत डोकं घालून बसत असेल, तर ते ओझं जास्तच आहे.

सरकारी शाळांत पहिली ते तिसरीला नली-कली पद्धत असते. पोरं गटानं बसून कार्डांवरून, गाण्यांतून, खेळांतून एकेक पायरी चढतात. "शाळेत काही शिकवतच नाहीत, घरी लिहायलाही देत नाहीत" अशी तक्रार मला नेहमी ऐकू येते. वही कोरी दिसली म्हणून घाबरू नका. घरी वेगळा गृहपाठ तयार करून पोराला जुंपू नका.

खासगी शाळा तरीही पानंच्या पानं देते. बाईंना सांगितलं तर पोरावर राग काढतील का?

सांगा, पण पद्धतीनं. "फार होतंय" म्हटलं की समोरची बाई सावध होते. त्याऐवजी आठवडाभर वहीच्या कोपऱ्यात वेळ लिहा. बसला साडेसहाला, उठला पावणेआठला, रडला दोनदा. आठ दिवसांनी ती वही घेऊन जा आणि विचारा, "बाई, यातलं नक्की काय झालं पाहिजे?" मी शिक्षिका म्हणून सांगते, वर्गात ४० पोरं असली की कुणाला घरी किती वेळ लागतो ते आम्हाला कळतच नाही. कळलं की बहुतेक शिक्षिका गृहपाठ कमी करतात.

शाळेतून आल्या आल्या बसवावं की खेळून आल्यावर?

आधी खायला द्या. गावाकडची पोरं बसच्या गर्दीत उभं राहून, नाहीतर दोन-दोन किलोमीटर चालत येतात. चिरमुरे-शेंगदाणे, भाकरीचा तुकडा, हंगामात उकडलेलं रताळं, जे असेल ते. मग अर्धा-पाऊण तास बाहेर सोडा. दिवेलागणीला हातपाय धुवून बसलं की बसतं. रात्री नऊला जेवण उरकून मग वही काढणं सगळ्यात वाईट, त्या वेळेला मोठ्यांचंही डोकं चालत नाही.

जागा रोज तीच असू द्या. टेबलच पाहिजे असं नाही. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या आयांच्या शेजारी बसून लिहिणारी पोरं मी बघितलीत. आईचे हात सुपात आणि लक्ष पोराच्या वहीकडं. ती पोरं नीट लिहितात, कारण आई तिथं आहे. फक्त तंबाखूची धूळ पोराच्या नाकात जाणार नाही इतकं अंतर ठेवा. टीव्ही बंद पाहिजे, एवढं मात्र पाळा.

कन्नडच्या गृहपाठालाच रडतो. मला कन्नड वाचता येत नाही, काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारताना आयांच्या चेहऱ्यावर जी लाज असते ती बघून मला वाईट वाटतं. तुम्ही मराठी शाळेत शिकलात, तुमच्या वेळी जेवढं कन्नड होतं तेवढं शिकलात. २०१५च्या कायद्यानंतर कन्नड सगळ्या शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं होत गेलं. तुमच्या पोराला जे पहिलीतच शिकावं लागतंय, ते तुम्हाला येत नाही यात तुमची चूक नाही.

आधी अडचण कुठं असते ते समजून घ्या. मराठी आणि कन्नड दोन्हीकडं अ, आ, इ, ई आहे, क, ख, ग आहे, ळसुद्धा आहे. बाराखडीला ते कागुणित म्हणतात. म्हणजे आवाज बहुतेक ओळखीचेच, आकार नवे. पण तीन ठिकाणी पोरं हमखास ठेचकाळतात.

पहिलं म्हणजे जोडाक्षर. मराठीत पहिलं अक्षर अर्धं होतं आणि दुसरं शेजारी पूर्ण येतं. कन्नडमध्ये पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं छोटं होऊन त्याच्या पायाशी लटकतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. "अक्क" लिहिताना क पूर्ण काढायचा आणि खाली बारीकसा दुसरा क द्यायचा. "इल्लि", म्हणजे इथं, लिहायचं तर गंमत आणखी वाढते. इकार बोलताना शेवटी येतो, पण लिहिताना तो वरच्या ल ला लागतो आणि दुसरा ल खाली राहतो. मराठीची सवय असलेलं पोर इकार खालच्या अक्षराला द्यायला जातं, तिथं जागाच नसते, खोडतं, परत काढतं, कागदाला भोक पडतं. रडू तिथून सुरू होतं.

दुसरं, आखूड आणि लांब ए, ओ. आपल्याकडं एकच ए आणि एकच ओ. कन्नडमध्ये दोन-दोन. "ओंदु", म्हणजे एक, यातला ओ आखूड, आणि "ओदु", म्हणजे वाच, यातला लांब. आपल्या कानाला दोन्ही सारखेच वाटतात. श्रुतलेखनात पोराचे मार्क इथं जातात. त्याला नुसतं "नीट ऐक" म्हणून भागत नाही, तो फरक त्याच्या कानाला आधी दाखवावा लागतो. कन्नड बोलणाऱ्या शेजारणीला हे दोन शब्द पाच-सहा वेळा म्हणायला सांगा आणि पोराला आखूडला बोट मिटायला, लांबला बोट उघडायला लावा.

तिसरं, दिसायला सारखी अक्षरं. त्यांचा द, ध, थ एकाच घडणीचा. थ च्या पोटात टिंब, ध च्या पायाला चीर, द साधा. प, व, ष हेही तसेच. एका दिवशी एकच जोडी घ्या. जमिनीवर खडूनं मोठं काढून त्यावरून बोट फिरवायला लावा.

आता एक सवय मोडा. कन्नड शब्दांवर पेन्सिलीनं देवनागरी लिहून देणं. बऱ्याच आया रात्री जागून पूर्ण धडा असा लिहून देतात. माया समजते मला. पण मग पोर वरचं देवनागरी वाचतं, खालच्या कन्नडकडं बघतही नाही, आणि परीक्षेत वरचं नसतं. लिहायचंच असेल तर पानाच्या शेवटी फक्त नव्या शब्दांचे अर्थ लिहा. उच्चार ऐकायला मोबाइलवरचं भाषांतराचं अॅप कामाला येतं, कॅमेरा धरला की कन्नड वाचून दाखवतं. त्याहून चांगलं म्हणजे गल्लीतलं कन्नड घरचं पोर. आपलं पोर त्याला मराठी सांगेल, ते आपल्याला कन्नड सांगेल. अण्णा, अक्का हे शब्द दोन्ही घरांत एकच आहेत, तिथूनच सुरू करा.

दुसरा मार्ग मला फार आवडतो. पोराला म्हणा, "मला शिकीव की रे." तुम्ही अक्षर काढा, चुकलं तर त्यानं दुरुस्त करावं. ज्याला रोज चुकल्याचं ऐकावं लागतं, त्याला आईचं चुकलेलं सुधारताना जो हुरूप येतो तो मी डोळ्यांनी बघितलाय.

आणि एक कळकळीची विनंती. सीमेचा वाद मोठ्यांचा आहे. त्याबद्दल तुमचं मत काहीही असो, जेवताना घरात कन्नडबद्दल वाकडं बोललं गेलं की पोर ते उचलतं आणि दुसऱ्या दिवशी कन्नडची वही म्हणजे शत्रू होते. अभ्यास त्याला करायचाय, मार्क त्याचे जाणार आहेत.

रडायला लागलंच आहे, तर त्या मिनिटाला काय करावं?

शिकवणं थांबवा. रडणाऱ्या पोराच्या डोक्यात काही शिरत नाही. पाणी द्या, तोंड धुवायला पाठवा, अंगणात एक चक्कर मारू द्या. मग शेजारी बसा, समोर नको. एक कोरा कागद घेऊन वहीचं पान झाका, फक्त एक ओळ दिसू द्या. भरलेलं पान बघूनच काही पोरांचा धीर सुटतो. "कुठं अडलंय, बोट ठेव बघू" एवढंच म्हणा. पहिलं अक्षर किंवा पहिली पायरी तुम्ही करून दाखवा, दुसरी त्याला करू द्या. ती ओळ झाली आणि तरी तो थकलेला दिसला, तर वही मिटा. शेवटी जमलेल्या ओळीवर उठलं पाहिजे, म्हणजे उद्या बसताना भीती कमी असते.

"सोपं तर आहे" हे वाक्य तोंडातून काढू नका. सोपं असून येत नाही म्हणजे मी ढ, असाच अर्थ पोर लावतं.

एक धपाटा दिला की गुमान लिहितो. मग काय वाईट?

लिहितो, शिकत नाही. मार चुकवायला पोर उत्तर कुठूनही उतरतं आणि अडलेली जागा लपवायला शिकतं. ती लपली की तुम्हालाही सापडत नाही, मलाही नाही. शाळेत मारायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः पट्टी उगारलीय. त्यातली एक मुलगी आता मोठी झालीय, भेटते तेव्हा पाया पडते, आणि मला तेव्हाची तिची मिटलेली मूठ आठवते. मी तिची माफी मागितली आहे.

वेळ नसतो, मीच लिहून दिलं तर?

नका देऊ. अर्धवट वही शाळेत गेली तर बाईंना कळतं पोर कुठं अडलंय. तुमच्या अक्षरातली पूर्ण वही आम्हाला काहीच सांगत नाही.

सारखं खोडतो. एक ओळ लिहायला अर्धा तास.

खोडरबर उचलून ठेवा. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढं लिहायचं, असं ठरवा. पेन्सिल फार दाबतो का, बोटं पांढरी पडतात का, तेही बघा. अशा पोरांना रोज पीठ मळू द्या, शेंगा फोडू द्या, मटार सोलू द्या. बोटांत बळ आलं की अक्षर सुधारतं. आणि अक्षरावरून त्याला लोकांसमोर बोलू नका, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही.

शिकवणी लावावी का? मोबाइलचं आमिष दाखवलं तर?

दुसरी-तिसरीच्या पोराला शिकवणी म्हणजे दिवसातली दुसरी शाळा. कन्नडपुरतं, आठवड्यातून दोनदा, तासभर, असं कुणी समजूतदार मिळालं तर ठीक. मोबाइलचं आमिष मात्र नको. पोर भराभर खरडतं, डोळा मोबाइलवर.

दुसऱ्या माध्यमात घातलं हेच चुकलं का?

आता पोर तिथं आहे, तर स्वतःला कोसत बसू नका. लहान मुलांना मातृभाषेतून शिकता यावं म्हणून घटनेत ३५०-अ हे कलम १९५६ साली घातलं गेलं. मराठी शाळा टिकावी म्हणून मी तळमळते, हेही लपवत नाही. पण कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात गेलेल्या पोराशी घरी मोडकंतोडकं इंग्रजी बोलणं हा उपाय नव्हे. शाळेत जे शिकला ते त्याला रात्री मराठीत सांगायला लावा. पाऊस कसा पडतो, झाड पाणी कसं पितं, हे मराठीत सांगता आलं की धडा कळलाय असं समजा. मग राहतात ते फक्त शब्द, आणि ते पाठ होतात.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

मूल पुस्तक नाकाला लावून वाचत असेल, फळ्यावरचं उतरताना शेजाऱ्याच्या वहीत बघत असेल, तर आधी डोळे तपासा. हाक मारलेली ऐकू येत नसेल तर कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतं, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. गरज असेल तर ते जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देतात.

वाचनाच्या अडचणीबाबत मी एक बघते. फक्त कन्नडमध्ये अडतं आणि मराठी घडाघडा वाचतं, तर तो सरावाचा प्रश्न. मराठीतही तिसरीच्या शेवटी अक्षरं जुळत नसतील, वाचलेली ओळ लगेच विसरत असेल, बोलण्यात मात्र हुशार असेल, तर तपासणी करून घ्या. वाचन, लेखन आणि गणितातल्या अशा अक्षमतांना २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे. दोन-तीन भाषा शिकवल्यामुळं हा त्रास होत नाही, त्यामुळं कुणी "मराठी बंद करा" म्हटलं तर ऐकू नका. पोर जेवत नसेल, रात्री दचकून उठत असेल, शाळेच्या नावानं रोज पोटात दुखत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फुकटचा नंबर चोवीस तास चालू असतो.

आम्ही दोघं कामावरून आठला येतो. घरी फक्त आज्जी, तिला वाचता येत नाही.

आज्जीला पाढे येतात का? आमच्या वेळच्या म्हाताऱ्या पावकी-निमकीसकट म्हणून दाखवायच्या. आज्जीनं आकडा सांगावा, पोरानं काड्यांच्या जुड्या मांडाव्यात. धडा त्यानं आज्जीला वाचून दाखवावा, तिनं "मग पुढं काय झालं?" विचारत राहावं. ऐकणारं माणूस असलं की पोर वाचतं.

तुम्ही आल्यावर नुसती वही बघा. राहिलेलं रात्री पूर्ण करायला बसवू नका. खाली दोन ओळी लिहा आणि सही करा, असं काहीतरी: "बाई, पाच गणितं केली. सहाव्याला हातचा घेताना अडला. उद्या एकदा दाखवा."